विटेवरचा पाहुणा

डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याहून गोव्याला निघालेली एक बस डोळ्यांपुढे आणावी. आत पंधरा ते सतरा वर्षांची वीसेक मुलेमुली आहेत. शाळांच्या देवाणघेवाणीत जर्मनीहून आलेले आणि गेले पंधरा दिवस याच मुलांच्या घरी राहिलेले सात-आठ समवयस्क पाहुणे आहेत, त्यांची एक शिक्षिका आहे, आणि आपल्या बाजूची दोन-तीन मोठी माणसे आहेत. या मोठ्या माणसांच्या कामाला मराठीत नेमके नाव नाही. ‘सोबत’ म्हणावे तर त्यात हुकमत येत नाही, ‘देखरेख’ म्हणावे तर माया येत नाही. काम मात्र सरळ आहे: सगळ्यांना समुद्र दाखवायचा आणि सगळ्यांना परत आणायचे. कळंगुटच्या वाळूत पाय ठेवल्यावर पुढे काय होते, तेही बहुतेकांच्या परिचयाचे आहे. आपल्या मुलांना दरडावून सांगितले जाते की गुडघ्यापलीकडे पाण्यात जायचे नाही. तेवढ्यात पाहुणी मुले छातीभर पाण्यात पोचलेली असतात, आणि त्यांना हाक मारायला जीभ रेटत नाही. त्यांना पोहता येते, त्यांच्याकडची रीत वेगळी, परक्या मुलांवर कसे ओरडायचे, वाईट दिसेल. एकाच पाण्यात असे दोन कायदे चालू राहतात. पाहुण्याला सगळी मोकळीक आणि घरच्या लेकराला सगळा जाच, या वाटणीला आपण संस्कृती म्हणतो, आणि पाहुणा देवासारखा असतो असे तिचे समर्थनही करतो. मला ही वाटणी धर्माला धरून वाटत नाही. धर्म हा शब्द इथे जुन्या, म्हणजे कर्तव्याच्या अर्थाने घेतो आहे. ज्या परंपरेचा हवाला देऊन आपण पाहुण्याला हाक मारायचे टाळतो, ती परंपराच नीट वाचली तर उलटे सांगते.

अतिथीला देव मानावे, हा आदेश तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतला. या शतकाच्या पहिल्या दशकात केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने तो जाहिरातीत आणला, आणि तेव्हापासून तो विमानतळावरच्या फलकाचा मजकूर झाला. मूळ जागी तो कोण कोणाला सांगतो आहे, हे मात्र आपण विसरलो. अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य निरोपाचे चार शब्द सांगतात, त्यातला हा भाग आहे. ऐकणारा तरुण आहे, आजवर दुसऱ्याच्या घरी राहून वाढलेला आहे. त्याला आई, बाप, आचार्य आणि अतिथी या चौघांना देव मान असे एका दमात सांगितले आहे. म्हणजे अतिथी या रांगेत एकटा नाही, आणि पहिलाही नाही. लगेच आचार्य असेही बजावतात की आमच्या वागण्यातले जे चांगले असेल तेवढेच उचल, बाकीचे सोडून दे. मोठ्यांचे सगळेच अनुकरणीय नसते, ही कबुली उपनिषदाने किशोरांसमोर दिली आहे. आपल्या शाळांच्या निरोपसमारंभात ती सहसा ऐकू येत नाही. त्यानंतर कसे द्यावे हे येते. श्रद्धेने द्यावे, ऐपतीप्रमाणे द्यावे, लाजून द्यावे, भिऊन द्यावे, जाणतेपणाने द्यावे. यातली भीती मला महत्त्वाची वाटते. भाष्यकार तिचा अर्थ काहीही लावोत, समुद्राकाठी उभ्या असलेल्या यजमानाला तिचा एक अर्थ आपोआप कळतो: आपल्याकडे आलेल्या माणसाचे काही बरेवाईट होऊ नये ही धास्ती. ती नसेल तर पाहुणचार म्हणजे ताटातल्या पदार्थांची संख्या.

पाहुण्याला देव मानण्याची कल्पना बेलगाम सुटली की कुठे जाते, हे आपल्याच घरातल्या एका कथेने दाखवले आहे. श्रीधरस्वामींच्या १७१८ साली पूर्ण झालेल्या ‘शिवलीलामृता’त श्रियाळ राजा आणि चांगुणा यांच्याकडे शंकर अतिथीच्या वेषात येतो आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलाचे, चिलया बाळाचे, मांस मागतो. आईबाप मागणी पुरवतात. आई स्वतःच्या हाताने बाळाचे शिर उखळात कांडते. शेवटी पाहुणा प्रसन्न होतो, बाळाला हाक मारायला सांगतो आणि बाळ धावत येते. दक्षिणेकडच्या शैव परंपरेतही हीच कथा आहे. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी ती डोळ्यांत पाणी आणून ऐकली, आणि सत्त्वाची कसोटी म्हणून तिचा गौरव झाला. तिकडे बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात लोट नावाच्या माणसाकडे दोन पाहुणे उतरतात. गावगुंड घराला वेढा घालून पाहुण्यांना बाहेर काढ म्हणतात, तेव्हा लोट त्यांच्याऐवजी आपल्या दोन मुली द्यायला तयार होतो. तिथेही मुली वाचतात, कारण पाहुणे देवदूत निघतात आणि जमावाला आंधळे करतात. दोन प्रदेश, दोन धर्म, आणि सांगाडा एकच: यजमानाने पोटचे मूल पाहुण्यावर ओवाळून टाकले, आणि मूल वाचले ते पाहुण्याच्या अंगच्या दैवी सामर्थ्यामुळे. यजमानाचे त्यात कर्तृत्व शून्य. स्टुटगार्टहून आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाकडे असे सामर्थ्य नसते. त्याच्यामागोमाग आपले पोर खोल पाण्यात गेले तर हाक मारल्यावर ते धावत परत येईलच असे नाही.

या दोन्ही कथांच्या समोर एक तिसरी कथा ठेवावी लागते, आणि ती मराठी माणसाला सांगण्याची गरज नाही. पुंडलिकाच्या दारी देव स्वतः पाहुणा म्हणून येतो. पुंडलिक आईबापाच्या सेवेत असतो. तो उठत नाही, देवाकडे एक वीट सरकवतो आणि थांबायला सांगतो. देव थांबतो, आणि अठ्ठावीस युगे झाली तरी तिथेच आहे असे वारकरी मानतो. वारकरी पंथाचे दैवत हा असा थांबवलेला पाहुणा आहे, ही गोष्ट इतकी ओळखीची झाली आहे की तिचे धाडस दिसेनासे झाले. चिलयाच्या कथेत पाहुणा मागतो आणि यजमान देतो. पुंडलिकाच्या कथेत पाहुणा देवच आहे, तरी यजमान म्हणतो, थांब, माझ्यावर अवलंबून असलेल्यांचे आधी. देवाला त्याचा राग येत नाही. उलट त्याला तो यजमान इतका आवडतो की तो जागा सोडत नाही. म्हणजे पाहुण्याला देव मानले तरी देवाला थांबवता येते, थांबवल्याने त्याचे देवपण उणावत नाही, आणि प्रसंगी थांबवणे हाच खरा पाहुणचार ठरतो, हा निकाल आपल्या सर्वांत लोकप्रिय दैवताच्या जन्मकथेतच लागलेला आहे. विटेकडेही बघितले पाहिजे. एका आख्यायिकेप्रमाणे पाहुण्याचे पाय चिखलात राहू नयेत म्हणून पुंडलिकाने ती दिली. त्याने देवाला नुसते ताटकळत ठेवले नाही, थांबायला एक कोरडी जागा दिली. पाहुण्याला अडवताना कारण सांगणे, पर्याय दाखवणे, अपमान वाटू न देणे, ही सगळी वीटच आहे. ती न देता दिलेली सूचना म्हणजे नुसती अडवणूक.

इथे कोणी म्हणेल की पुंडलिकाचे आईबाप थकलेले होते, सतरा वर्षांची धडधाकट मुले तशी नसतात, तेव्हा तुलना ओढाताणीची आहे. आक्षेप योग्य आहे, पण त्याने मुद्दा ढिला होत नाही, घट्टच होतो. अवलंबून असणे ही मात्रेची गोष्ट आहे. किशोराचे अवलंबणे दर वर्षी कमी होते. कायद्याने अठराव्या वर्षी ते संपते आणि प्रत्यक्षात कोणाचे आधी, कोणाचे नंतर. समुद्राकाठी मात्र ते तात्पुरते वाढते, कारण तिथे पुण्याच्या मुलाला आणि स्टुटगार्टच्या मुलाला सारखेच कमी कळते. आणि ज्याला आपण पाहुणा म्हणतो तोही कोणाचे तरी लेकरू आहे. त्याच्या आईबापांनी हजारो किलोमीटरवरच्या अनोळखी माणसांच्या भरवशावर त्याला विमानात बसवले आहे. या स्थितीला जुन्या धर्मशास्त्रात शब्द आहे: निक्षेप, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. मनुस्मृतीने वादाचे जे अठरा विषय मोजले त्यात कर्जानंतर दुसराच क्रमांक ठेवीचा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १५१ सांगते की दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतलेल्याने, साधारण शहाणा माणूस आपल्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घ्यावी. माणूस वस्तू नाही, हे उघड आहे. पण इथला मापदंड लक्षात घ्यावा. आपल्या वस्तूइतकी. देवाघरची म्हणून जास्त नाही, परक्याची म्हणून कमीही नाही. आपण पाहुण्याला ‘आपलेच घर समजा’ म्हणतो तेव्हा बहुधा आणखी एक पुरणपोळी वाढायची असते. पण घर म्हटले की घरातली बोलणीही आली. घरच्या पोराला ज्या आवाजात हाक मारतो त्याच आवाजात पाहुण्या पोराला मारता आली, की ते घर त्याचे झाले.

मग अडवायचे कुठे आणि सोडायचे कुठे, हा खरा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर ज्या मातीत ही सहल उतरली आहे तिथेच आहे. गोव्यात आणि सिंधुदुर्गात प्रत्येक गावाचा राखणदार असतो. रात्री तो हातात दांडा घेऊन गावाच्या शिवेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला वाटेला लावतो, अशी श्रद्धा आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात, आणि तो रात्री हिंडत असल्यामुळे त्या झिजतात असे गावकरी सांगतात. झिजलेल्या वहाणा असलेला देव ही राखणीची मला माहीत असलेली सर्वांत अचूक प्रतिमा आहे. तो शिवेवर असतो. कोणाच्या स्वयंपाकघरात काय शिजते आहे हे बघायला तो आत येत नाही. गावकऱ्याचे रक्षण करतो, वाटसरूचेही करतो, दोघांसाठी वेगळा दांडा ठेवत नाही. सहलीबरोबर गेलेल्या मोठ्या माणसाने हे जमवायचे आहे: शीव कुठे ते नेमके ओळखायचे, तिथे डोळ्यांत तेल घालून उभे राहायचे, आणि आतल्या आवारात शक्यतो पाऊल टाकायचे नाही. आपल्याकडे बहुधा उलटे होते. आत सारखे डोकावणे चालते आणि शीव उघडी पडते.

समुद्राची शीव दिसत नाही, हीच तिची अडचण आहे. फुटणाऱ्या लाटा बघून माणूस घाबरतो आणि त्यांच्यामधला शांत, गडद, सपाट पट्टा बघून तिथे उतरतो. बरेचदा तोच पट्टा परतीच्या प्रवाहाचा असतो. किनाऱ्यावर आदळलेले पाणी मागे जायला वाट शोधते, एका अरुंद चिरेतून वेगाने आत ओढले जाते आणि तरबेज पोहणाऱ्यालाही मागे टाकते. त्यात सापडलेला माणूस किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारून दमतो. दमून बुडणाऱ्यांत पोहता येणारेही असतात. तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर सरकून प्रवाहाबाहेर पडावे, मग परत फिरावे, हे ज्ञान तरणतलावात मिळवलेल्या प्रमाणपत्रात असेलच असे नाही. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल चार वाजता इथे गुडघाभर पाणी होते हा अनुभव आज चार वाजता फसवतो. उधाण आणि भांग यांतला फरक कोळ्याच्या पोराला बोलायला लागल्यापासून ऐकू येतो. दोन रात्रींसाठी आलेल्याला तो शब्दही माहीत नसतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयीन सहलीतले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटकात मुरुडेश्वरला शाळेच्या सहलीतल्या चार मुली गेल्या. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली स्वातंत्र्यावरच्या आपल्या पुस्तकात एक उदाहरण दिले आहे. धोकादायक पुलावर पाऊल टाकणाऱ्याला सावध करायला वेळ नसेल तर त्याला धरून मागे खेचण्यात त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही, कारण नदीत पडावे ही त्याची इच्छाच नाही. परतीचा प्रवाह हा तसा पूल आहे, फरक इतकाच की तो मोडका दिसत नाही. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची संघटित व्यवस्था आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पोहावे, लाल झेंडा असेल तिथे उतरू नये. या बाबतीत पाहुण्याला आणि पोराला एकच वाक्य, एकाच स्वरात सांगावे. जे नुकसान भरून येत नाही आणि ज्याची कल्पना समोरच्याला नाही, तिथे शीव येते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप मिलच्याच बाजूने येतो. अज्ञानी माणसाला त्याच्या भल्यासाठी अडवता येते असे एकदा मान्य केले की या अधिकाराला आवर कुठे घालणार? प्रत्येक हुकूमशहा प्रजेला अज्ञानीच समजतो. या भीतीचा पुरावा मिलच्या चरित्रातच आहे. स्वातंत्र्याचा सिद्धान्त मांडताना त्याने त्यातून मुलांना वगळले, आणि त्याच ओघात मागासलेल्या समाजांनाही वगळले. तो समाज कोणता हे ओळखायला कष्ट पडत नाहीत, कारण हा माणूस १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. आमच्या आजोबा-पणजोबांना पोरांच्या रांगेत बसवून, ती सज्ञान होईपर्यंत राखण करू, असे म्हणणारे लोक दीडशे वर्षे इथे राहिले. राखणीचे राज्य कसे होते हे ज्यांनी सोसले त्यांनी तरी ‘तुझ्या भल्यासाठी’ हे शब्द जपून वापरायला हवेत. म्हणून शिवेची व्याख्या अरुंद ठेवली पाहिजे: नुकसान अटळ असावे, कायमचे असावे, आणि समोरच्याला त्याची जाण नसावी. जाण दिल्यावर, धोका समजावल्यावर, जो सज्ञान पाहुणा म्हणजे ती शिक्षिका लाटेत जाईल, तिला विनवण्यापलीकडे काही करता येत नाही. सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत विनवणीपुढे एक पाऊल जाता येते. ते एकच पाऊल, आणि तेही पाण्याच्या कडेला.

शिवेच्या आतले आवार मोठे आहे, आणि आपले बहुतेक ओरडणे तिथेच खर्ची पडते. मुलीने काय घालावे यावर रात्रीच्या बैठका होतात, कोणाच्या शेजारी कोण बसले याची नोंद ठेवली जाते, आणि सकाळी भरतीची वेळ कोणी बघितलेली नसते. मुलींच्या कपड्यांची ही चिंता राखणीची नसते, अब्रूची असते. तिचा रोख मुलीच्या जिवाकडे नसतो, गावाकडच्या नातेवाइकांकडे असतो. पाण्याला सलवार आणि पोहण्याचा पोशाख यांत फरक कळतो तो एवढाच की सलवार भिजून जड होते. याच आवारात एक गोष्ट मात्र अशी आहे की जिच्यावर बोलायला हवे आणि कोणी बोलत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर पोहायच्या कपड्यांतल्या परदेशी बायकांकडे टक लावून बघणारे, न विचारता मोबाइल रोखणारे, फोटोसाठी गराडा घालणारे घोळके आपल्याकडूनच गेलेले असतात. आपल्या सहलीतली मुले त्यांत मिसळली तर? किंवा आपल्याच पाहुणीकडे त्या नजरेने बघू लागली तर? इथे राखणदाराने पाहुण्याला आपल्या मुलांपासून राखायचे आहे. उपनिषदाने देण्याच्या रीतींत लाजेचा समावेश केला तो इथे लागू पडतो, आणि ती लाज पाहुणीने बाळगायची नसून यजमान मुलाने बाळगायची आहे. दुसऱ्याला होणारी इजा हीसुद्धा शीवच. बिअरचा प्रश्न मला यापेक्षा सोपा वाटतो. जर्मनीत सोळाव्या वर्षी बिअर विकत घेता येते, गोव्यात एकविसाव्या वर्षापर्यंत नाही. सतरा वर्षांचा पाहुणा म्हणेल की हा माझा घरचा हक्क आहे. पण तो घर सोडून आला आहे, आणि ज्या गावात आला तिथला कायदा त्याच्या यजमानालाही लागू आहे. मंगेशीच्या देवळात किंवा जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत शिरताना पुण्याची मुलेही त्या जागेची रीत पाळतात. तिथे दोघेही पाहुणेच.

उलट्या बाजूने एक उदात्त आक्षेप येतो. झाक देरिदा या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९९० च्या दशकात असे मांडले की खरा पाहुणचार विनाअट असतो. येणाऱ्याला नाव विचारले, नियम सांगितले, की तो सौदा झाला. यातली नैतिक उंची नाकारता येत नाही, आणि देरिदालाही ठाऊक होते की प्रत्यक्ष घर अटींशिवाय चालत नाही. पण मला इथे जर्मन तत्त्वज्ञ कांट जवळचा वाटतो. कोनिग्सबर्ग सोडून जो फारसा कुठे गेला नाही त्या माणसाने १७९५ साली शाश्वत शांततेवरच्या निबंधात परक्याचा हक्क सांगितला: पृथ्वी गोल आहे, माणसे अनंतापर्यंत पांगू शकत नाहीत, म्हणून कोणी दारी आला तर त्याला शत्रू समजू नये. पण हा भेट देण्याचा हक्क आहे, मुक्काम ठोकण्याचा नाही. आणि लगेच त्याने युरोपातल्या व्यापारी राष्ट्रांना सुनावले की तुम्ही परक्या देशांना भेट देता म्हणजे ते जिंकता. गोव्यात हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पाहुणा म्हणून उतरला, बारा वर्षांनी आल्बुकर्कने गोवा घेतला, आणि पाहुण्यांना घालवायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. साडेचारशे वर्षे राहिलेल्या पाहुण्याच्या गावात उभे राहून विनाअट पाहुणचाराचे गोडवे गाणे अवघड जाते. त्या जर्मन मुलांचा या इतिहासाशी संबंध नाही, त्यांच्यावर त्याचे ओझे टाकण्याचेही कारण नाही. अट मोडल्याने पाहुणचार बाटतो तसा अट नसल्यानेही बाटतो, एवढाच मुद्दा.

शेवटचा आक्षेप मुलांचा आहे, आणि तो मला अर्धा मान्य आहे. पडल्याशिवाय शिकता येत नाही, सतत राखलेली मुले कायम राखणीचीच राहतात. खरे आहे; फक्त पडायला वेळ लागतो. कोळ्यांची मुले लाटांत पडत-उठत शिकतात ती दहा वर्षे शिकतात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देणाऱ्या समाजात शिकतात. दोन दिवसांच्या सहलीत चूक करायला वेळ असतो, ती सुधारायला नसतो. पण शिवेच्या आत त्यांना चुकू द्यावे: रस्ता चुकू द्यावा, पैसे संपू द्यावेत, शॅकमध्ये न आवडणारे काही मागवून उपाशी राहू द्यावे, पाहुण्यांशी भांडू द्यावे आणि तुटक्या इंग्रजीत समेट करू द्यावा. निरोपाच्या त्या उपदेशात अतिथीला देव मानण्याची आज्ञा तरुणाला होती, त्याच्या पालकांना नव्हे, हे आठवले तर पुढचे पाऊलही सुचते. झेंडे कोणते, ओहोटी केव्हा, कुठल्या पट्ट्यात उतरायचे नाही, हे पाहुण्या मुलांना आपल्याच मुलांनी सांगावे. ज्याला गुडघ्यापलीकडे जाऊ नकोस म्हणून आपण ओरडणार होतो, त्याच्यावर दुसऱ्याची राखण सोपवली की तो समुद्राकडे वेगळ्या डोळ्यांनी बघू लागतो.

किशोर आणि पाहुणा हे दोन्ही एकाच देहात असलेला आपला सर्वांत जुना नायक म्हणजे कठोपनिषदातला नचिकेत. यज्ञात म्हाताऱ्या गाई दान करणाऱ्या बापाला तो पुन्हा पुन्हा विचारतो की मला कोणाला देणार, आणि वैतागलेला बाप म्हणतो, मृत्यूला. राखणदाराच्या तोंडून संतापाच्या भरात निघालेला एक शब्द मुलाला कुठवर नेतो, याचे याहून कठोर उदाहरण नाही. मुलगा खरोखर यमाच्या दारी जातो आणि तीन रात्री अन्नपाण्यावाचून बसून राहतो. यम परततो, अतिथी उपाशी राहिला म्हणून ओशाळतो, त्याला नमस्कार करतो आणि तीन वर देऊ करतो. नंतर मुलगा मरणापलीकडचे विचारतो तेव्हा यम त्याला धाक घालत नाही आणि थेट उत्तरही देत नाही. हे विचारू नकोस म्हणतो, रथ, संपत्ती, दीर्घायुष्य पुढे करतो, आणि मुलगा कशालाच बधत नाही हे पाहिल्यावर त्याला बरोबरीने बसवून सगळे सांगतो. मृत्यूने स्वतः चालवलेली ही राखण आहे आणि पाहुणचारही. पण या साऱ्या तत्त्वज्ञानाच्या आधी नचिकेताने मागितलेला पहिला वर वेगळाच होता. मी परत जाईन तेव्हा वडिलांचा राग गेलेला असावा, त्यांनी मला ओळखावे, असे त्याने मागितले. यमाने ते दिले, आणि वर आपणहून सांगितले की तुझ्या वडिलांना रात्री स्वस्थ झोप लागेल.